आंब्याच्या केसमधे कॉल रेकॉर्ड असे मिळवले

रत्नागिरीच्या दिवाणी कोर्टात आमची बागेच्या पैशांची केस, आणि व्यापारी म्हणतो मी यांना कधी फोनच केला नाही. त्याचा सीडीआर (कॉल डिटेल रेकॉर्ड, म्हणजे कॉलची नोंद) मोबाइल कंपनी आपल्याला देत नाही, कोर्टामार्फतच मागवावा लागतो, आणि ते बरोबरच आहे, नायतर कोणीही कोणाचे कॉल बघेल. रेकॉर्ड किमान २ वर्षं ठेवायचं बंधन आहे, पुढची खात्री नाही, म्हणून वकिलांनी आधी कंपनीला रेकॉर्ड जपून ठेवा अशी नोटीस धाडली, मग दिवाणी प्रक्रिया संहितेच्या (सीपीसी) ऑर्डर १६ नियम ६ खाली समन्सचा अर्ज, त्यात नंबर आणि तारखा नेमक्या. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं (जुन्या पुरावा कायद्यातलं ६५ब) इलेक्ट्रॉनिक रेकॉर्डसाठीचं सर्टिफिकेट सोबत मागाच, नुसत्या प्रिंटआउटवर भागत नाही. सीडीआरमधे बोलणं नसतं, कोणी कोणाला कधी किती वेळ आणि कुठला टॉवर एवढंच, पण त्याचे कॉल त्यात निघाले.