पांतानालच्या रँचवर पक्षी पाहताना या चुका टाळा

ब्राझीलमधील पांतानाल या विस्तीर्ण पाणथळ प्रदेशाची बहुतांश जमीन खाजगी असून, दोनशेहून अधिक वर्षे तेथे गुरे पाळली जात आहेत. पर्यटक उतरतो तो अशाच एखाद्या फझेंड्यावर, म्हणजे गुरांच्या रँचवर. आणि पहिली चूकही तेथेच होते. गुरांकडे पाठ फिरवून तो ‘खऱ्या’ जंगलाच्या शोधात निघतो.

सुमारे एक मीटर लांबीचा निळा मकाव हा पोपट या भागात प्रामुख्याने अकुरी आणि बोकायुवा या दोन ताडवर्गीय झाडांच्या कठीण बियांवर जगतो. गुरे अकुरीची फळे खातात, गर पचवतात आणि कवचासह बिया रवंथ करताना किंवा शेणावाटे टाकून देतात. या आयत्या साफ झालेल्या बियांसाठी मकाव गुरांच्या बसण्याच्या जागी चक्क जमिनीवर उतरतात. त्यामुळे मकाव दिसत नसतील तर गुराख्याला रात्री कळप कोठे बसला होता ते विचारावे आणि उजाडताच कुंपणाबाहेर, हालचाल न करता थांबावे. पांढऱ्या, वशिंडाच्या नेलोर गुरांच्या पाठीवर किडे टिपणारे पिवळ्या पोटाचे पक्षीही तेथेच दिसतात. (या गुरांचे पूर्वज भारतातून गेलेले आहेत, आणि नावही आंध्रातील नेल्लोरचेच.) वाटेतील फाटक उघडे असेल तर उघडे आणि बंद असेल तर बंदच ठेवावे, कारण कळप कोणत्या कुरणात राहणार हे त्यावर ठरते.

दुसरी चूक हंगामाची. तेथील पावसाळ्यात पाणी सर्वदूर पसरते, त्याबरोबर पक्षीही पांगतात आणि कच्चे रस्ते चिखलात जातात. साधारण जुलै ते सप्टेंबर या काळात पाणी ओसरून मासे डबक्यांत कोंडले जातात, आणि तेथे तुईयुयू हा लाल गळपट्ट्याचा प्रचंड करकोचा, चमच्यासारख्या चोचीचे गुलाबी चमचे पक्षी, बगळे आणि केमन मगरी यांची दाटी होते. त्या काळातही एखादे डबके ओस दिसले तर ते बहुधा अजून खोल असते किंवा पुरते आटलेले असते. अशा वेळी घोटा ते गुडघाभर पाण्याचे डबके शोधावे.

पोकोने ते पोर्तो जोफ्रे हा सुमारे 145 किलोमीटरचा ट्रान्सपांतानेइरा रस्ता जॅग्वारच्या ओढीने एका दमात संपवणे मला तरी शुद्ध उधळपट्टी वाटते. वाटेतील शंभराहून अधिक पुलांच्या दोन्ही बाजूंना पहाटे जे पक्षी मिळतात, ते धावत्या गाडीतून मिळत नाहीत. निदान दोन मुक्काम वाटेवरच्या रँचवर करावेत.

छायाचित्रांत उजळ आकाशापुढचा मकाव काळा ठिपका होत असेल तर एक्स्पोजर एक स्टॉपने (म्हणजे प्रकाश दुप्पट करून) वाढवावे. तुईयुयूच्या पांढऱ्या पिसांचा तपशील उडत असेल तर थोडे कमी करावे. एसी खोलीतून कॅमेरा थेट बाहेर काढल्यास भिंगावर बाष्प धरते, म्हणून तो बंद पिशवीतच अर्धा तास आधी बाहेर ठेवावा.

मकावची घरटी बहुतेक मानदुवी झाडाच्या ढोलीत असतात, आणि घरट्याजोगी ढोली तयार होण्यास त्या झाडाला साधारण साठ वर्षे लागतात, म्हणजे पर्यायी जागा फारशा नसतात. जोडी ओरडत डोक्यावर घिरट्या घालू लागली तर आपण फार जवळ आलो आहोत असे समजून मागे हटावे, आणि ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना बोलावू नये.

कपड्यांबाबत दोन गोष्टी विसरल्या जातात. कोरड्या गवतात गोचिडी असतात, तेव्हा पँट मोज्यात खोचावी. आणि तेथील हिवाळ्यात (साधारण जून ते ऑगस्ट) दक्षिणेचे वारे सुटले की उन्हाळी वाटणारा दिवस एका रात्रीत 10 अंशांच्या आसपास उतरू शकतो, म्हणून स्वेटर हवाच. शाकाहारी मंडळींनी स्वयंपाकघरात आधी कळवावे, कारण तेथील घेवड्याच्या उसळीतही अनेकदा डुकराचे मांस असते.

पीतज्वराची लस मात्र शेवटच्या आठवड्यावर ढकलू नये. ब्राझीलहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र लागते, ते लस घेतल्यानंतर 10 दिवसांनी ग्राह्य होते, आणि ते नसल्यास विमानतळावरून थेट विलगीकरणात जाण्याची वेळ येऊ शकते. ही लस केवळ अधिकृत केंद्रांवरच मिळत असल्याने तिकिटांबरोबरच तिचीही वेळ घेऊन ठेवावी.