बारावीनंतर थेट जर्मनी: पहिले तीन महिने कसे निभवावेत

दरवर्षी सप्टेंबरअखेर पुण्या-मुंबईहून अठरा-एकोणीस वर्षांची बरीच मुलं जर्मनीला निघतात. त्यातली बहुतेक आधी श्टूडिएनकोलेगला जातात, म्हणजे विद्यापीठात शिरण्याआधीच्या दोन सत्रांच्या तयारीवर्गाला. मीही त्याच वाटेने गेले. निघताना सगळ्यांनी पहिल्या आठवड्याची धास्ती घातली होती, पण तो धावपळीत कधी सरला ते कळलंही नाही. जीव खरा कासावीस झाला तो नोव्हेंबरात. म्हणून माझं सांगणं एकच आहे: नोव्हेंबरची तयारी ऑक्टोबरातच करून ठेवा.

निघण्याआधी

खोली पक्की करताना घरमालकाला एक गोष्ट लेखी विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग, म्हणजे सरकारदरबारी पत्त्याची नोंद, करता येईल का? पुढची सगळी कागदपत्रं त्या एका कागदावर अडतात. श्पेरकोन्टोत, म्हणजे व्हिसासाठी उघडाव्या लागणाऱ्या गोठवलेल्या खात्यात, वर्षभराचे ११,९०४ युरो भरलेले असले, तरी हातात महिन्याला ९९२ युरोच येतात, आणि तेही तिथलं बँक खातं सुरू झाल्यावर. पहिलं भाडं, डिपॉझिट आणि महिनाभराचं खाणंपिणं यांचे पैसे वेगळे ठेवा. मूळ गुणपत्रिका आणि जन्मदाखला हातातल्या बॅगेत ठेवा, मोठ्या सूटकेसमध्ये नको.

पहिले दोन आठवडे

राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत आनमेल्डुंग करायची असते. त्यासाठी घरमालकाने सही केलेला राहत्या जागेचा दाखला लागतो. मोठ्या शहरांत अपॉइंटमेंट लवकर मिळत नाही, तेव्हा ती भारतातूनच ऑनलाइन घेऊन ठेवा. मग बँक खातं, आरोग्य विमा, विद्यापीठातली नोंदणी. व्हिसाची मुदत संपायच्या आत निवास परवान्याचा अर्जही करायचा आहे, तो विसरू नका. जो कागद मिळेल तो त्याच दिवशी स्कॅन करून फाईलला लावा. टपालपेटी रोज उघडा, कारण तिथली कार्यालयं अजूनही महत्त्वाचं बरंच काही पत्रानेच कळवतात.

स्वयंपाकघर

बुडाला गोल असलेली कढई नेऊ नका. वसतिगृहात बहुधा विजेच्या सपाट शेगड्या असतात, त्यावर ती डुगडुगते आणि तापत नाही. सपाट बुडाचं पातेलं आणि छोटा कुकर पुरेसा. शेगडी तापायला वेळ लागतो आणि बंद केली तरी गरमच राहते. त्यामुळे मोहरी तडतडायला लागली की शेगडी बंद करून भागत नाही, पातेलं उचलून बाजूला ठेवावं लागतं. पहिल्या आठवड्यात मला हे ठाऊक नव्हतं. मिरच्या करपल्या, धूर झाला, अलार्म वाजला आणि मजल्यावरची सगळी मुलं जिन्यात येऊन उभी राहिली. तेव्हापासून फोडणीआधी खिडकी सताड उघडायची सवय लागली. रविवारी दुकानं बंद असतात, दूध-भाजी शनिवारीच भरा. दुपारचं जेवण मेन्सात, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, घ्या. स्वस्त असतं, आणि ओळखी तिथेच होतात.

अभ्यास

आपली मुलं सगळ्यात जास्त इथे ठेचकाळतात. आपल्याकडे चाचण्या, जर्नल, हजेरी यांनी वर्षभर कुणीतरी मागे लागलेलं असतं. तयारीवर्ग संपवून विद्यापीठात गेलात की तिथे बऱ्याच विषयांचा पूर्ण निकाल सत्राअखेरच्या एका परीक्षेवर लागतो आणि लेक्चरला आलात की नाही हे सहसा कुणी विचारत नाही. परीक्षेसाठीही बहुतेक ठिकाणी प्रत्येक विषयाची नोंदणी स्वतः ऑनलाइन करावी लागते. ती तारीख हुकली तर अभ्यास करूनही बसता येत नाही. प्रयत्नही मोजके, बऱ्याच ठिकाणी तीनच. म्हणून सत्र सुरू होताच सगळ्या तारखा भिंतीवर लिहा. गुणांची रीतही उलटी आहे: १.० सर्वोत्तम, ४.० काठावर पास, ५.० नापास.

अडलं तर प्राध्यापकांच्या श्प्रेखश्टुंडेला, म्हणजे भेटीच्या ठरलेल्या वेळेला, जा. प्रश्न लिहून न्या. प्रश्न विचारणं तिथे उद्धटपणा समजत नाहीत, गप्प बसलात तर मात्र तुम्हाला सगळं समजलं असंच धरतात. जर्मनचं बी-१, म्हणजे मधल्या पातळीचं, प्रमाणपत्र असूनही पहिला महिना लेक्चरमधलं निम्मं डोक्यावरून जातं. शेजारी बसलेल्याकडे वही मागा. माझी पहिली मैत्रीण अशी वही मागतानाच झाली.

आणि नोव्हेंबर

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात. भारताशी साडेतीन तासांचा फरक साडेचार होतो. डिसेंबरकडे तर दुपारी चार-साडेचारलाच अंधारून येतं. पाचला वर्ग सुटतो तेव्हा भारतात घरी रात्रीचे साडेनऊ वाजलेले असतात. मी धावत खोलीवर यायचे, आईला फोन लावायचे आणि दोन-दोन तास बोलत बसायचे. फोन ठेवला की खोली आणखी रिकामी वाटायची. रोज दहा मिनिटं आणि रविवारी पोटभर, असं आम्ही ठरवलं तेव्हा माझ्या संध्याकाळी मोकळ्या झाल्या.

त्या संध्याकाळी कशाने भरायच्या ते ऑक्टोबरातच ठरवा. विद्यापीठाच्या क्रीडावर्गांची नोंदणी सत्राच्या सुरुवातीला उघडते आणि जागा भराभर संपतात. बॅडमिंटन, पोहणं, काहीही घ्या. मराठी शिकू पाहणारा किंवा इंग्रजी सुधारू पाहणारा कुणी जर्मन विद्यार्थी भेटला, तर आठवड्यातून एकदा भाषेची अदलाबदल करा. म्युनिकसारख्या शहरांत महाराष्ट्र मंडळं आहेत, दिवाळीला जरूर जा. मात्र राहणं, जेवणं, अभ्यास सगळं मराठी कंपूतच केलंत, तर जर्मन जिभेवर यायला वर्ष जाईल.

झोप उडाली, जेवण तुटलं, वर्गाला जावंसंच वाटेना, तर घरच्यांपासून लपवू नका आणि श्टूडिएरेंडेनवेर्कच्या, म्हणजे विद्यार्थ्यांच्या सोयी पाहणाऱ्या संस्थेच्या, समुपदेशकाची वेळ घ्या. ती आजच मागा, कारण तिथेही बरेचदा थांबावं लागतं.