घरी बेल्ट बदलला आणि गाडी थरथरायला लागली? डिस्ट्रीब्युटरला लगेच हात लावू नका

येळवस, म्हणजे शेतात जाऊन जेवायची वेळ अमावास्या, चार दिवसांवर आली होती. आंबिलाचं मडकं, भज्जीचं पातेलं आणि घरातली सात माणसं औशाकडच्या शेतावर न्यायची, तर जुनी ऑम्नी चालू करणं भाग होतं. पुतण्या आणि मी अंगणातच टायमिंग बेल्ट बदलला, प्लगच्या वायरीही नव्या टाकल्या. गाडी एका सेल्फमध्ये चालू झाली. पण रेस सोडली की अशी थरथरायची, की डॅशबोर्डवरचा गणपती हलायचा, आणि सिग्नलला थांबावं तशी बंद पडायची. पुतण्यानं डिस्ट्रीब्युटरचा बोल्ट सैल करून तो थोडा फिरवला. बरं वाटलं. मग मी स्लोचा (रेस सोडल्यावरच्या वेगाचा) स्क्रू आवळून रेस वाढवून ठेवली. आणखी बरं वाटलं. शेतावर जाऊन आलो, पण चढाला गाडी ओढेना आणि तापमानाचा काटा लालजवळ गेला.

दोष बेल्टचा होता. तो एक दात चुकून बसला होता, आणि आम्ही दोन स्क्रूंनी तो झाकून ठेवला होता.

टायमिंग एक नसतं, दोन असतात

व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि मिटायचे हे बेल्ट ठरवतो. ठिणगी कधी पडायची हे डिस्ट्रीब्युटर ठरवतो. गॅरेजात दोन्हीला नुसतं 'टायमिंग' म्हणतात आणि घोळ तिथूनच सुरू होतो. जुन्या मारुती ८०० आणि ऑम्नीच्या ७९६ सीसी, तीन सिलिंडरच्या कार्ब्युरेटर इंजिनात डिस्ट्रीब्युटर कॅमवरूनच, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यावरूनच, फिरतो. त्यामुळे बेल्ट चुकला की ठिणगीही त्याच्याबरोबर चुकते.

हिशेब असा. क्रँक, म्हणजे पिस्टन फिरवतात तो मुख्य दांडा, दोन फेरे मारतो तेव्हा कॅमचा एक फेरा होतो. कॅमच्या पुलीला ४० दाते धरले, तर एक दात म्हणजे कॅमचे ९ अंश आणि क्रँकचे १८ अंश. ठिणगीसाठी १८ अंशांची चूक भलतीच मोठी असते. डिस्ट्रीब्युटर फिरवून ती भरून काढता येते, व्हॉल्व्हची चूक मात्र तशीच राहते. गाडी स्लोवर बरी वाटायला लागते आणि ओढ काही येत नाही. म्हणून डिस्ट्रीब्युटर आणि कार्ब्युरेटरच्या स्क्रूंना शेवटी हात लावायचा. फिरवायचेच असतील तर आधी खडूनं किंवा नेलपॉलिशनं मूळ जागेवर खूण करा, आणि स्क्रू पूर्ण आत बसेपर्यंत किती फेरे होतात ते लिहून ठेवा.

चालू करण्याआधी

गाडी मोकळ्या हवेत लावा, पत्र्याच्या बंद शेडमध्ये नको. धुराड्यातल्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. हँडब्रेक ओढा, गिअर न्यूट्रल करा, गळ्यातला गमछा काढून ठेवा. एलपीजी किट असेल तर त्याचा व्हॉल्व्ह बंद करून सगळी तपासणी पेट्रोलवर करा.

आता स्वतःला विचारा, शेवटचा हात कशाला लागला होता? काल चांगली असलेली गाडी आज दुरुस्तीनंतर बिघडली, तर दहापैकी नऊ वेळा दोष त्या दुरुस्तीतच निघतो. प्लग बदलले असतील तर वायरींचा क्रम बघा. या इंजिनाचा फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-२ आहे. डिस्ट्रीब्युटरमधला रोटर कुठल्या बाजूला फिरतो ते कॅप काढून, इंजिन हातानं फिरवून बघा आणि त्याच दिशेनं १, ३, २ मोजा. वायरी १-२-३ अशा लावल्या, तर पहिला सिलिंडर बरोबर पेटतो आणि उरलेले दोन एकमेकांच्या वेळेला. मग कार्ब्युरेटरमधून फटाके येतात.

गाडी गोठ्याच्या कडेला उभी असेल तर वायरी हातानं चाचपून घ्या. सोयाबीनची रास घरात आली की उंदीर येतात आणि त्यांना वायरीचं रबर फार आवडतं.

धुराड्यामागे उभं राहा

ही तपासणी फुकटातली आहे, आणि मला सगळ्यात आवडणारीही. इंजिन गरम झालं की धुराड्याच्या तोंडाशी वहीचा एक कागद धरा आणि आवाज ऐका. ठराविक तालात 'फट… फट… फट' येत असेल तर एकच सिलिंडर काम करत नाही. ताल नसेल, कधी दोन झटके, कधी मध्येच शांत, तर दोष सगळ्यांना सामायिक आहे: बाहेरून हवा ओढली जातेय, कॉइल किंवा रोटर खराब आहे, नाहीतर मिश्रण बिघडलंय. धूर अगदी एकसारखा येतोय आणि तरीही बॉडी हलतेय, तर इंजिनाखालचे रबरी माउंटिंग बघा. तीन सिलिंडरचं इंजिन तसंही थोडं हलतंच. क्रँकच्या दर २४० अंशांना एक स्फोट, त्यामुळे चार सिलिंडरच्या गाडीची शांतता त्याच्याकडून मागू नका.

एकाच सिलिंडरचा संशय असेल तर तो शोधून काढा. इंजिन बंद करा, एका प्लगची वायर काढा, तिच्यात जुना प्लग खोचून तो पक्क्या अर्थला टेकवा आणि मग चालू करा. चालत्या इंजिनाची वायर उपसू नका. झटका बसतो आणि कॉइलवर ताण येतो तो वेगळाच. वायर काढल्यावर रेस आणखी पडली, तर तो सिलिंडर कामाचा होता. काहीच फरक पडला नाही, तर चोर सापडला. त्याचा प्लग दुसऱ्या सिलिंडरच्या प्लगशी बदलून बघा. दोष प्लगबरोबर सरकला तर प्लग टाकून द्या. जागेवरच राहिला तर वायर, टॅपेट (व्हॉल्व्हची फट) किंवा कॉम्प्रेशन (सिलिंडरमधला दाब).

हवा कुठून ओढते?

कार्ब्युरेटर काढून बसवला असेल तर आधी त्याच्या तळाच्या पॅकिंगवर संशय घ्या. मग मॅनिफोल्डचं गॅस्केट, ब्रेक बूस्टरची जाड नळी असली तर ती, आणि डिस्ट्रीब्युटरच्या व्हॅक्यूमची बारीक नळी. गाडी स्लोवर ठेवा आणि फवाऱ्याच्या बाटलीनं जोडांवर साधं पाणी थोडं थोडं मारा. जिथं मारल्यावर इंजिनाचा आवाज बदलतो, तिथून हवा जातेय. डिस्ट्रीब्युटरवर आणि तापलेल्या एक्झॉस्टवर पाणी जाऊ देऊ नका. पेट्रोल शिंपडून बघणारे लोकही आहेत. त्यांच्या शेजारी उभं राहू नका. नळ्यांसाठी तर पाणीही नको, पक्कडीनं हलकेच दाबा. आवाज सुधारला की नळी गेली असं समजा.

इथं आपल्या उसाचाही संबंध येतो. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे साधारण १४.७ भाग हवा लागते, या मिश्रणाला साडेतेराच्या आसपास. म्हणजे तेवढ्याच हवेला आठ-नऊ टक्के जास्त इंधन हवं. जुना कार्ब्युरेटर ते आपणहून देत नाही, त्याचे जेट ठरलेले. म्हणून स्लोवर गाडी कोरडी चालते, चोक किंचित ओढला की सुधारते. चोकनं सुधारणारी गाडी एक तर हवा ओढतेय, नाहीतर तिला इंधन कमी पडतंय. जुन्या रबरी नळ्या इथेनॉलनं फुगतात, चिरतात, तेव्हा त्याही तपासा.

व्हॅक्यूम गेज आणि आपली उंची

मॅनिफोल्डमधली ओढ मोजणारा हा गेज महाग नसतो आणि खूप काही सांगतो. मॅनिफोल्डच्या नळीला जोडा आणि स्लोवर बघा. पुस्तकात १८ ते २१ इंच (पाऱ्याचे) असं लिहिलेलं असतं, पण ते समुद्रसपाटीचं. दर हजार फुटांना साधारण एक इंच कमी धरायचा. लातूर दोन हजार फुटांच्या आसपास आहे, तेव्हा इथं १६ ते १९ आलं तरी इंजिन ठणठणीत. नांदेड खाली आहे, तिथं एखादा इंच जास्त दिसेल. काटा स्थिर आहे पण १२-१४ वरच अडकलाय, तर टायमिंग उशिरा आहे किंवा हवा ओढतेय. काटा ठराविक तालात खाली झटका देत असेल तर एखादा व्हॉल्व्ह नीट मिटत नाही.

मग कॉम्प्रेशन. सगळे प्लग काढा, कॉइलचं कनेक्शन सोडा, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून सेल्फ मारा. आकड्यापेक्षा सिलिंडरांमधला फरक महत्त्वाचा. दहा-पंधरा टक्क्यांच्या वर गेला तर काळजी करा. एकच कमी असेल तर त्यात चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजा. आकडा वाढला तर रिंग, नाही वाढला तर व्हॉल्व्ह. शेजारचे दोन एकदम कमी, तर मधलं हेड गॅस्केट. तिन्ही सारखेच कमी असतील आणि बेल्ट नुकताच बदललेला असेल, तर पुढचा भाग नीट वाचा.

टॅपेटबद्दल एवढंच सांगतो, टिकटिक करणारा टॅपेट त्रास देतो, पण आवाजच न करणारा घट्ट टॅपेट व्हॉल्व्ह जाळतो. गाडी थंड असताना ठीक आणि गरम झाली की थरथरते, तर फीलर गेज घ्या आणि टॅपेटची फट मोजा.

बेल्टची खूण

पहिला प्लग काढा, भोकावर बोट ठेवा आणि क्रँकचा बोल्ट पान्यानं इंजिनाच्या नेहमीच्या दिशेनं हळूहळू फिरवा. सेल्फ मारू नका. बेल्ट फार चुकलेला असेल तर काही इंजिनांत व्हॉल्व्ह पिस्टनला धडकतात. बोटावर हवेचा जोर आला म्हणजे कॉम्प्रेशनचा फेरा. क्रँकची खूण जुळेपर्यंत आणा. आता कॅमच्या पुलीची खूण तिच्या जागेवर आहे का? रोटर पहिल्या वायरीकडे बघतोय का?

दोन्ही जुळलं तरी थांबू नका. क्रँक पूर्ण दोन फेरे हातानं फिरवा आणि पुन्हा बघा. आमची चूक इथंच झाली होती. बेल्ट बसवताना खुणा तंतोतंत होत्या, पण ओढीच्या बाजूची ढिलाई टेन्शनरकडे ओढून न घेता बोल्ट आवळला. पहिल्याच फेऱ्यात ती ढिलाई सरकली आणि कॅम एक दात मागे राहिला. दोन फेरे मारून बघितले असते, तर पाच मिनिटांत कळलं असतं.

आता डिस्ट्रीब्युटर

बेल्ट पक्का झाला की टायमिंग लाइटचा (ठिणगीबरोबर चमकणाऱ्या दिव्याचा) चिमटा पहिल्या वायरीला लावा. खूण कुठल्या गाडीत क्रँकच्या पुलीवर असते, कुठल्या गाडीत फ्लायव्हीलवर, रबरी बूच काढलं की दिसते. तिच्यावर खडू घासा. अंश आणि व्हॅक्यूमची नळी काढायची की नाही, हे त्या गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे. लाइट नसेल तर लक्षणं ओळखा. ठिणगी लवकर पडली की सेल्फ उलटा झटका देतो आणि चढाला इंजिन खडखडतं. उशिरा पडली की इंजिन तापतं, गाडी जड होते. रेस वाढवली की खूण सरकली पाहिजे. जागची हलली नाही तर आतली ॲडव्हान्सची, म्हणजे ठिणगी आधी पाडणारी, वजनं अडकलीत.

शेवटी स्लो ८५० ते ९५० च्या दरम्यान आणा आणि मिक्श्चरचा स्क्रू सर्वांत सुरळीत आवाजावर ठेवा. मग पीयूसीवाल्याकडे जा आणि कागदाबरोबर आकडेही मागा. हायड्रोकार्बन जास्त आणि सीओ कमी, तर कुठंतरी अजून मिसिंग आहे, म्हणजे एखादा सिलिंडर नीट पेटत नाही. सीओच जास्त, तर मिश्रण घट्ट आहे, म्हणजे इंधन जास्त.

इंजेक्शनच्या गाडीला यातले स्क्रू नसतात, पण हवा, प्लग, कॉम्प्रेशन आणि बेल्टचं सगळं तसंच. त्यात स्कॅनर लावा. पी०३०१ आला तर पहिल्या सिलिंडरचं मिसिंग. पी००१६ म्हणजे क्रँक आणि कॅमचं जुळत नाही. सेन्सर विकत आणण्याआधी बेल्टची खूण बघा.

दोनेकशे किलोमीटर चालवून प्लग पुन्हा काढा. टोक फिकट तपकिरी असेल तर काम झालं. पांढरं फटक असेल तर इंधन कमी पडतंय, काजळी धरली असेल तर जास्त होतंय. मिक्श्चरचा स्क्रू पाव-पाव फेरा फिरवा आणि पुन्हा तेवढंच अंतर चालवून बघा. त्यात एअर फिल्टरही झटका, राशीच्या दिवसांत तो आठवड्यात भरतो.