गुलामीत जगलेल्या पूर्वजांची नोंद वंशावळीच्या सॉफ्टवेअरमध्ये कशी करावी

अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या कुटुंबांचा माग काढताना वाट बहुधा १८७० पाशी अडते. गुलामीतून सुटलेल्या बहुतेकांची नावे जनगणनेत पहिल्यांदा आली ती त्या वर्षी. १८५० आणि १८६० च्या गुलामांच्या याद्यांत नाव असते मालकाचे. खाली नुसते वय, लिंग आणि वर्ण. त्यात वंशावळीची सॉफ्टवेअर आईबाप, नवराबायको, मुले या चौकटीत बसवलेली, आणि गुलामगिरीने मोडली ती नेमकी हीच चौकट. म्हणून नोंदी करायची रीत थोडी बदलावी लागते. इथे ग्रॅम्प्स हे मोफत सॉफ्टवेअर धरून चालू.

सुरुवात १८७० पासून करा आणि मागे जा. त्या जनगणनेत घरातली माणसे एकाखाली एक आहेत, पण कुटुंबप्रमुखाशी नाते दिलेले नाही. तो रकाना १८८० मध्ये आला. तेव्हा घरातली बाई म्हणजे बायकोच, असे धरून कुटुंब जोडू नका. शेजारची घरेही उतरवून घ्या, कारण एकाच मळ्यावरून सुटलेली माणसे पुष्कळदा जवळपासच राहिली. आडनाव शेवटच्या मालकाचेच असेल असेही नाही. सापडेल ते प्रत्येक नाव 'नेम्स'मध्ये वेगळे टाका, सोबत कागदाचा दाखला द्या.

जिचे नावच मिळत नाही तिलाही स्वतःचे पान द्या: 'स्त्री, १८६० मध्ये वय ३२, अमुक काउंटी'. मात्र वय जुळते एवढ्यावरून तिला १८७० च्या एखाद्या बाईशी एकजीव करू नका. तर्क टिपेत लिहा आणि दाखल्याची खात्री 'लो' ठेवा.

मग मालकाचे घराणे त्याच फायलीत आणा. हे अनेकांच्या जिवावर येते आणि ते साहजिक आहे. पण माणसे मृत्युपत्राने लेकीकडे, लग्नात जावयाकडे, कर्जापोटी सावकाराकडे जात. मालकाची लेक कुठे दिली हे कळल्याशिवाय आईपासून तोडलेले मूल सापडत नाही. मालकाला कुटुंबात नव्हे, 'असोसिएशन्स'मध्ये जोडा आणि संबंध स्पष्ट लिहा: 'गुलाम म्हणून ठेवणारा'. तो मुलाचा बाप असल्याचा पुरावा असेल तर पितृत्व नोंदवा, पण तिथे 'विवाहित' हा प्रकार निवडू नका. उलट, गुलामीतल्या जोडप्यांच्या लग्नाला कायद्याची मान्यता नव्हती तरी ती कुटुंबेच होती. त्यांना कुटुंब म्हणूनच जोडा. व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलिनात १८६६ मध्ये अशा जोडप्यांची नोंदणी झाली, ती जरूर पाहा.

खरी ताकद आहे 'इव्हेंट्स'मध्ये. मेरीलँडच्या जेझुइटांनी (कॅथलिक पाद्र्यांच्या एका संघाने) १८३८ मध्ये २७२ माणसे लुइझियानातल्या खरेदीदारांना विकली. त्या पैशाने त्यांचे जॉर्जटाऊन कॉलेज सावरले. करारातली यादी आयझॅक, वय ६५, या नावाने सुरू होते. मग त्याचा थोरला मुलगा चार्ल्स, वय ४०. अशा वेळी विक्रीची घटना एकदाच तयार करा आणि यादीतल्या प्रत्येकाला तिच्याशी जोडा. भूमिका मात्र वेगळ्या ठेवा: विकलेली व्यक्ती, विकणारा, घेणारा. एकत्र विकल्या गेलेल्यांची सोबत मग एका ठिकाणी दिसते, आणि पुढे लुइझियानात तीच नावे शेजारीशेजारी आली की धागा जुळतो. जहाजाचा प्रवास वेगळी घटना म्हणून टाका, कारण यादीतले सगळेच प्रत्यक्ष तिकडे पाठवले गेले नाहीत. मालमत्तेच्या यादीत माणसापुढे डॉलरमध्ये किंमत असते. ती टिपेत जाऊ द्या, व्यक्तीच्या ओळखीत नको.

गुलामीतून सुटलेल्यांसाठी काढलेल्या फ्रीडमन्स बँकेची (१८६५–१८७४) खातेपुस्तके चुकवू नका. खातेदाराने स्वतः सांगितलेली आईबापांची, भावंडांची, कधी जुन्या मालकाचीही नावे त्यांत मिळतात. तो जबाब शब्दशः टिपेत उतरवा.

हीच मांडणी आपल्याकडेही चालेल. पेशवे दप्तरात कुणबिणी आणि बटकींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, नोंदी आहेत, आणि त्याही बहुधा कुणाच्या तरी मालकीखालीच सापडतात.

फाइल नातेवाइकांना पाठवण्याआधी हयात माणसांच्या नोंदी 'प्रायव्हेट' करा. गेडकॉममध्ये (वंशावळ एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात नेण्याच्या फाइल-प्रकारात) काढताना असोसिएशन्स आणि भूमिका गळू शकतात, म्हणून ग्रॅम्प्सचा स्वतःचा बॅकअप वेगळा ठेवा आणि गेडकॉम फाइल एकदा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून तपासा.