ग्रॅसिलारियाचा पहिला तराफा पाण्यात सोडण्याआधी

ग्रॅसिलारिया हे लाल समुद्रशैवाल; त्यातून ‘अगर’ नावाचा जेलीसारखा घट्ट होणारा पदार्थ निघतो. कोकणातल्या एखाद्या बचत गटाने ते लावायचं ठरवलं की पहिली चौकशी बांबू आणि दोरीची होते. दोरी बाजारात केव्हाही मिळेल. आधी पाणी तपासा, आणि तेही पावसाळ्यापासून. खाडीच्या मुखाशी जून ते सप्टेंबर गोडं पाणी आणि गाळ उतरतो, खारेपणा झपाट्याने घसरतो आणि गढूळ पाण्यात उजेड खोल जात नाही. ग्रॅसिलारिया खारेपणातला थोडाफार चढउतार सोसतं, पण फांद्यांवर गाळाचा थर बसला की वाढ थांबते. म्हणून खारेपणा मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर, थर्मामीटर आणि एक वही एवढं आधी घ्या. नोंद आठवड्यातून एकदा, भरतीला आणि ओहोटीलाही करायची. उधाणाच्या ओहोटीला, म्हणजे पाणी सगळ्यात खाली गेलेलं असताना, जागेवर निदान कमरेइतकं पाणी राहतं का ते स्वतः उतरून बघा. नाहीतर तराफा तळाला घासेल.

परवानगीची कामं याच महिन्यांत उरका. मत्स्य विभाग आणि मेरीटाइम बोर्ड दोन्हीकडे जावं लागेल. मालवणजवळ असाल तर १९८७ साली जाहीर झालेल्या सागरी अभयारण्याची हद्दही पाहून घ्या. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढणाऱ्यांशी आणि होड्यांची वाट वापरणाऱ्यांशी कागद हलवण्याआधीच बोला.

आता बियाणं. सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. या शैवालाला ना बी, ना फूल. फांदी तोडून बांधली की तीच वाढते, म्हणून शेतकरी त्या तुकड्यालाच बियाणं म्हणतो. निसर्गात मात्र त्याच्या तीन अवस्था आहेत: नर आणि मादी रोपं, मादीच्या अंगावर वाढणारी बीजाणूंची पिढी, आणि त्या बीजाणूंतून उगवणारी वेगळी रोपं, जी पुन्हा नर-मादी रोपांचे बीजाणू सोडतात. लाल शैवालाच्या शुक्रपेशींना शेपूट नसतं, त्यांना पोहता येत नाही. ग्रॅसिलारियाच्या एका युरोपीय जातीत आयडोटिया नावाचे छोटे समुद्री कीटकासारखे जीव फांद्यांवरून फिरताना या पेशी अंगावर वाहून नेतात, हे २०२२ साली सिद्ध झालं. मला ही गोष्ट फार विलक्षण वाटते.

शेतीत याचा उपयोग असा. तुकडे निवडताना फांदी उजेडात धरा. अंगावर मुरमासारखे गोल फुगवटे दिसले तर ती फळलेली मादी आहे, बियाण्याला घेऊ नका. कोवळी, ताठ, टोकं गर्द रंगाची फांदी घ्या. फिकट, लिबलिबीत किंवा हिरवी झूल चढलेली बाजूला टाका. एकाच झुबक्यातून सगळं बियाणं घेऊ नका. चिलीत वर्षानुवर्षं तुकड्यांवर शेती झाली आणि शेतांतली आनुवंशिक विविधता घटली.

बियाणं शक्यतो आपल्याच किनाऱ्याचं. मूळची फिलिपिन्सची कप्पाफायकस ही दुसरी समुद्रशैवालाची जात तमिळनाडूत लावली गेली आणि पुढे तिथल्याच कुरुसडाई बेटाजवळच्या प्रवाळांवर पसरल्याचं २००८ साली नोंदवलं गेलं. ती अगरची जात नव्हे, पण धडा आपल्यालाही लागू आहे. बाहेरून आणायचंच झालं तर मत्स्यसंशोधन संस्थेला विचारूनच.

सामान थोडं लागतं: बांबूचा चौकोनी तराफा, पीळ उकलून तुकडा अडकवता येईल अशी दोरी, नांगर, बोये, माशांपासून राखायला खाली जाळं. तीन मीटरच्या दोरीवर वीतभर अंतराने झुबके लावले तर एका दोरीला पंधराएक बसतात. प्रत्येक झुबका दहा ग्रॅमचा धरला तर दोरीमागे दीडशे ग्रॅम बियाणं, एवढाच हिशेब पहिल्या तराफ्याला पुरे. बियाणं ओल्या गोणपाटात, सावलीत, न दाबता आणा आणि त्याच दिवशी बांधा. हातमोजे आणि पाण्यातला चष्मा घ्यायला विसरू नका. तमिळनाडूतल्या मंडपमच्या बायका बोटांना चिंध्या गुंडाळून बेटांभोवती हे शैवाल काढत आल्या आहेत. खडकाने आणि शिंपल्यांनी बोटं कशी कापतात ते त्यांना विचारावं.

लावणी ऑक्टोबरमध्ये, पाणी निवळल्यावर. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असताना, पाण्याची ओढ कमी असते, तेव्हा बांधणं सोपं जातं. पुढे दर दोन-तीन दिवसांनी दोऱ्या हलवून गाळ झाडा आणि हिरवं शेवाळ हाताने काढा. साधारण दोन महिन्यांनी कापणी करा, बुडखा दोरीवर ठेवून. उशीर झाला तर जुन्या झालेल्या फांद्या तुटून वाहून जातात.

वाळवण्याची जागा कापणीआधी तयार हवी. वाळूवर पसरू नका, जाळीवर पसरा; वाळू चिकटलेल्या मालाला भाव मिळत नाही. आठ-दहा किलो ओल्यातून जेमतेम किलोभर सुका माल हाती येतो, त्यामुळे जागा भरपूर लागते. दमट पोत्यात जिवाणू अगर खाऊन टाकतात. एक छोटा नमुना मदुराई भागातल्या अगर कारखान्यांकडे आधीच पाठवा. ग्रॅसिलारियाच्या अगरला घट्टपणा यायला त्यावर कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया करावी लागते, आणि तुमचा माल त्यात कसा उतरतो ते तेच सांगतील.

मेअखेर तराफे काठावर ओढायचे आहेत. तेव्हा पुढच्या हंगामाचं बियाणं पावसाळ्यात कुठल्या टाकीत, कोणाच्या देखरेखीखाली जगवायचं हे पहिली दोरी बांधतानाच ठरवून ठेवा.