किक मारायच्या आधी बीपीचं मशीन आणा: जुना टू-स्ट्रोक क्वाड जिवंत करताना

मागच्या दिवाळीनंतर मंद्रूपच्या एका द्राक्ष बागायतदारांनी पिकअपमधून एक निळा यामाहा ब्लास्टर, म्हणजे चार चाकांची शेतात-मातीत पळवायची मोटरसायकल, क्वाड, माझ्या गॅरेजपुढं उतरवला. पोराच्या हौसेसाठी पुण्याहून आणलेला, पाच वर्षं शेडमध्ये पडलेला. "मिस्त्री, नुसता कार्बोरेटर साफ करा, लगेच लागतोय बघा." तोवर पोरानं किकवर पाय ठेवलाच होता. म्हटलं, आधी खाली उतर बाळा.

सोलापुरात अक्कलकोट रोडला मी तीस वर्षं आरएक्स आणि आरडी, म्हणजे यामाहाच्या जुन्या टू-स्ट्रोक मोटरसायकली, खोलतोय. क्वाड हाताखालून थोडेच गेले, पण इंजिन आपल्या ओळखीचं. ब्लास्टर म्हणजे 195 सीसीचा एअर-कूल्ड सिंगल. त्याचा थोरला भाऊ बॅन्शी: दोन सिलिंडर, पाण्यावर थंड होणारे, 347 सीसी, बोअर 64 आणि स्ट्रोक 54. आपल्या राजदूत आरडी 350चं हेच माप. बॅन्शी 1987 सालचा, ब्लास्टर 1988चा, आणि अमेरिकेत दोन्ही 2006ला संपले. तिथं त्याच सुमाराला क्वाडच्या धुरावर नियम लागू झाले. होंडानं आपला टू-स्ट्रोक क्वाड टीआरएक्स 250 आर तर 1989लाच थांबवला होता. केटीएमनं टू-स्ट्रोकला फ्युएल इंजेक्शन बसवून दाखवलं, पण डर्ट बाइकमध्ये. क्वाडमध्ये तसलं इंजिन घालायचं एकाही जपानी कंपनीनं मनावर घेतलं नाही, आणि घेतील असं मला वाटत नाही. सुटे भाग मात्र बंद नाहीत. बॅन्शीचे सिलिंडर, क्रँक, अख्खे केसेस तिकडं बाहेरचे लोक अजून नवे बनवतात. म्हणजे पुढची वीस वर्षं हे इंजिन चालणार ते जुन्याचं नवं करूनच. म्हणून जे हातात आहे ते सीझ करू नका, म्हणजे पिस्टन सिलिंडरमध्ये जाम होऊ देऊ नका.

टू-स्ट्रोक इंजिन हवा-पेट्रोलचं मिश्रण आधी खालच्या क्रँककेसमध्ये ओढतं, मग वर सिलिंडरमध्ये ढकलतं. क्रँकच्या दोन्ही टोकांना ऑइल सील असतात. गाडी पडून राहिली की ती कडक होतात, आणि तिथून हवा आत शिरली की मिश्रण पातळ होतं (हवा जास्त, पेट्रोल कमी), पिस्टन तापतो, धरतो. 1996 साली तुळजापूर रोडला, हिप्परग्याच्या तलावाजवळ, माझी स्वतःची आरएक्स 100 अशीच जाम झाली. मी महिनाभर टूटी ऑइलला, म्हणजे पेट्रोलमध्ये मिसळायच्या टू-स्ट्रोकच्या ऑइलला, शिव्या घातल्या. चूक तीस रुपयांच्या सीलची होती.

तेव्हा पहिलं काम लीक टेस्ट. त्याला लागतं बीपीचं जुन्या पद्धतीचं मशीन, रबरी फुगा आणि घड्याळवालं. (आमच्या घरचं गॅरेजमध्येच असतं. सासऱ्यांचं बीपी बघायचं झालं की आधी पेट्रोलचा वास पुसावा लागतो.) त्यावरचे 300 म्हणजे जवळपास 6 पीएसआय, आणि आपल्याला तेवढंच हवं. कॉम्प्रेसरची हवा चुकूनही लावू नका, चांगलं सीलही जागा सोडून बाहेर येतं.

सायलेन्सर आणि कार्बोरेटर काढा. प्लग घट्ट असू द्या. पिस्टन अगदी खाली आणा, म्हणजे पोर्ट उघडे राहून हवा केसपासून हेडपर्यंत फिरते. एक्झॉस्टच्या तोंडावर सायकलच्या ट्यूबचा तुकडा, त्यावर पत्र्याची पट्टी, आणि दोन्ही बोल्ट आवळा. कार्बोरेटरच्या रबरात पीव्हीसीचं बूच क्लिपनं कसा, बुचाला भोक पाडून बीपीची नळी चिकटवा. 300पर्यंत भरा आणि सहा मिनिटं थांबा. मिनिटाला 50पर्यंत उतरलं तर चालतं म्हणतात. मी सहा मिनिटांत मिळून 50च्या वर सोडत नाही.

उतरत असेल तर निरम्याचं पाणी आणि दाढीचा जुना ब्रश. बेस गॅस्केट, हेड, रीडचा ब्लॉक, मग मॅग्नेट काढून त्यामागचं सील. त्या ब्लास्टरचं तिथंच होतं: सीलच्या ओठापाशी आधी मोहरीएवढा बुडबुडा, तो फुटला की दुसरा, संथपणे एकामागून एक. बाहेर कुठंच फेस नाही तरी काटा उतरतोय, तर दुसऱ्या बाजूचं सील, गिअरबॉक्सकडचं. गिअर ऑइल भरायच्या भोकावर साबणाचा पडदा ओढा. तो फुगला की समजा. तसली गाडी गिअर ऑइल पिते आणि पांढरा धूर सोडते. सीलवर माप छापलेलं असतं, तेवढं घेऊन बेअरिंगच्या दुकानात जा. मिळालं तर व्हायटॉनचं घ्या, ते इथेनॉलला टिकणारं रबर.

व्हायटॉन का? तर पेट्रोल आता 20 टक्के इथेनॉलचं. ऊस आपल्याच जिल्ह्यात, तक्रार कुणाकडे करणार! एका काचेच्या बाटलीत 50 मिली पंपाचं पेट्रोल घ्या, त्यात थोडं रंगीत टूटी ऑइल आणि 10 मिली पाणी टाका. हलवा, ठेवा. खालचा 10चा थर वाढून 20च्या आसपास जातो, कारण पाण्यानं इथेनॉल आपल्याकडं ओढून घेतलं. आणि ऑइलचा रंग राहतो वरच्या पेट्रोलमध्ये. टाकीत पाणी गेलं की असंच होतं, आणि नळ तर खालूनच ओढतो. त्या थरात ऑइल नाही. म्हणून मिसळलेलं पेट्रोल पंधरा दिवसांच्या वर ठेवू नका, आणि पडून राहणार असेल तर टाकी, फ्लोट बाउल दोन्ही रिकामे करा.

ब्लास्टरला मूळचा ऑइल पंप असतो, बॅन्शीला नाही. पाच वर्षं पडलेल्या पंपावर माझा भरवसा नाही. तो बंद करून मी पेट्रोलमध्येच 32ला 1 ऑइल मिसळतो. 1 लिटरला 31 मिली, 5 लिटरला 156. अंदाजानं नाही, औषधाच्या सिरिंजनं.

इथेनॉल तेवढंच जळायला हवा कमी घेतं, त्यामुळं जुन्या जेटवर (कार्बोरेटरमधली पेट्रोलचं भोक असलेली पितळी नळी) मिश्रण पातळ पडतं. मेन जेट एक-दोन नंबर मोठा घाला, दमानं पळवा, प्लग बघा: चहासारखा तपकिरी हवा, पांढरा नको. आणि हे काम मे महिन्यात उरकू नका. 44 डिग्रीला हवा विरळ असते, मिश्रण आपोआप जाड होतं, सगळं छान वाटतं. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत सकाळी तीच गाडी पातळ चालते. माझ्याकडं सीझ होऊन आलेल्या बहुतेक गाड्या थंडीतल्या.

कागदांचं एवढंच, की आयात केलेल्या गाडीचे कस्टमचे कागद बघून घ्या. हा क्वाड रस्त्यावर नेता येत नाही, शेतातच फिरवा, तेही हेल्मेट घालून.

सील बदललं, पुन्हा सहा मिनिटं काटा धरला, जेट घातला. तिसऱ्या किकला लागला. धूर एवढा, की शेजारच्या पॉवरलूमचा माणूस बाहेर आला. "मिस्त्री, हे ओ काय?" मालक घाबरले. म्हटलं, केसमध्ये साठलेलं जुनं ऑइल आहे, दहा मिनिटं द्या. बारा लागली.