मालाच्या नावांना नंबर देताना या चुका टाळा

सोलापुरात टॉवेल-चादरीच्या कारखान्यासाठी स्टॉकचं सॉफ्टवेअर लिहायला घेतलं की दिसतं, तीच ती नावं लाखो ओळींत पुन्हा पुन्हा येतात. ‘सोलापुरी चादर’ एवढं लिहायला यूटीएफ-८ मध्ये (मजकूर बाइटांत साठवायची पद्धत) ३७ बाइट लागतात, कारण देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइटचं. नावांचा तक्ता करून प्रत्येकाला पूर्णांक आयडी दिला की हेच काम ४ बाइटांत होतं, नावं थोडी असतील तर २ मध्ये. डेटाबेसही हलका, आणि गोडाऊनच्या मोबाइलवरून जाणारा डेटाही.

सगळ्यात जास्त त्रास देते ती चूक आयडी देण्याआधीच होते. ‘पांढऱ्या काठाची चादर’ घ्या. यातला ‘ऱ्या’ काही कीबोर्ड ‘ऱ’ला हलन्त जोडून लिहितात, काही साध्या ‘र’ला हलन्त आणि पुढे न दिसणारं झेडडब्ल्यूजे (झीरो विड्थ जॉइनर) हे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे, बाइट मात्र वेगळे. मग एकाच चादरीला दोन आयडी मिळतात आणि शिल्लक दोन ठिकाणी विभागली जाते. एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एकसारखी करणाऱ्या एनएफसी नॉर्मलायझेशननेही हे दोन प्रकार एक होत नाहीत. त्यासाठी स्वतःचा नियम लिहावा लागतो. झेडडब्ल्यूजे सरसकट पुसू नका, नाहीतर ‘ऱ्या’च्या जागी रफार येतो. संशय आला तर दोन्ही नावांचे कोडपॉइंट (प्रत्येक चिन्हाचा युनिकोड क्रमांक) छापून बघा. जादा आयडी आधीच पडला असेल तर तो उडवू नका, मूळ आयडीकडे वळवा.

आयडी अक्षरक्रमावरून ठरवू नका. मध्ये एक नवीन नाव घुसलं की पुढचे सगळे सरकतात. बंद झालेल्या मालाचा नंबर नव्या मालाला देणं तर त्याहून वाईट, कारण जुन्या चलनांवर भलताच माल दिसायला लागतो.

तक्ता नको म्हणून ३२ बिटांचा हॅशच (नावावरून गणिताने काढलेला आकडा) आयडी म्हणून वापरायचा मोह होतो. साधारण ७७ हजार नावांनंतर कुठल्यातरी दोन नावांचा हॅश सारखा येण्याची शक्यता निम्मी होते. पायथनचं hash() तर ३.३ पासून मजकुरासाठी प्रोग्रॅमच्या दर रनला वेगळा आकडा देतं, त्यामुळे ते साठवून उपयोग नाही.

दोन काउंटरवरून एकाच वेळी नवं नाव आलं तर? नावाच्या कॉलमवर युनिक बंधन (तेच नाव दोनदा पडू न देणारं) हवंच. पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ‘ऑन कॉन्फ्लिक्ट डू नथिंग’ (नाव आधीच असेल तर काही करू नको) वापरताना एक लक्षात ठेवा: ओळ पडली नाही तरी सीक्वेन्सचा (आपोआप पुढचा नंबर देणाऱ्या मोजणीचा) नंबर खर्च होतो. स्मॉलसीरियल, म्हणजे २ बाइटांचा आपोआप वाढणारा आयडी, ३२,७६७ ला संपतो. आधी शोधा, नसेल तरच भरा.

नेटवर्कवर नुसता आयडी पाठवताना समोरच्याकडे तोच तक्ता आहे का, हे कळायला तक्त्याची आवृत्तीही पाठवा. अनोळखी आयडी आला तर ती नोंद बाजूला ठेवून नाव मागवून घ्या, गुपचूप गाळू नका. ० हा नंबर कुठल्याच मालाला देऊ नका, तो ‘माहीत नाही’साठी राखून ठेवा.

आणि चलनावरचा शेरा, गिऱ्हाइकाचा पत्ता असे कॉलम या फंदात आणू नका. तिथे जवळपास प्रत्येक ओळ वेगळी असते, तक्ताच मूळ डेटाएवढा फुगतो आणि वर आयडीचे बाइट लागतात ते वेगळेच.